हप्ता चुकला तर

"झाडं लावतात ते."

"प्लास्टिकचं कार्ड देत नाहीत."

"प्राण्यांवर औषधं तपासणाऱ्या कंपन्यांत एक पैसा गुंतवत नाहीत."

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात बाकावर बसून म्हातारा लवू हे ऐकत होता. शेजारचं तरुण जोडपं आपल्या लॅब्राडोरसाठी विमा कंपनी निवडत होतं. लवूच्या मांडीवर त्याची गावठी चंपी धापा टाकत होती. न राहवून त्याने त्या मुलीला विचारलं,

"माझ्या चंपीचा काढतील काय गो विमा?"

"हो काका! गावठी कुत्रीही घेतात. एथिकल आहेत ना."

"हप्ता चुकला तर?"

"ऑटो-पे लावा, चुकणारच नाही."

"समज, चुकला. आणि ही नेमकी तेव्हाच आजारी पडली?"

"मग पॉलिसी बंद. नियम आहे, काका. पण कागद वाया घालवत नाहीत हं, बंद केल्याचा मेल येतो."

"म्हणजे झाड वाचलं."

"एक्झॅक्टली!"

"मग राहू दे, बाय. हिचं मीच बघीन."

ब्याऐंशी सालच्या गिरण्यांच्या संपात लवूचा पगार थांबला, पगारातून कापला जाणारा विम्याचा हप्ता थांबला, आणि त्याच्या बायकोचं ठरलेलं ऑपरेशन झालं नाही.