आधी पाणी, मग चुना

मंडळीहो, बायाहो,

सारी पवनी आज इथं बसली आहे. परवा आपले मनोहर गुरुजी झोपेतच गेले. मले भाषण येत नाही. आमचं पितळी भांड्याचं काम, तोंडापेक्षा हातच जास्त चालते. पण त्यायच्याबद्दल मी नाही बोलणार तर कोण बोलणार?

गुरुजी शाळेत रसायन शिकवत. राहत आमच्या कारखान्याच्या बाजूले. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. भांडे उजळतांनी माह्या हातून परात निसटली अन् तेजाब उडून डोळ्यात गेलं. मी किंचाळली. माह्या घरधन्यानं खिशातली चुन्याची डब्बी काढली. तुम्हीही तेच केलं असतं. हातावर तेजाब उडलं की आपण चुनाच फासतो, बापजाद्यापासून.

गुरुजी धावत आले. त्यायनं माह्या घरधन्याचा हात धरला.

"सोडा ना गुरुजी! तिचा डोळा जाऊन राहिला!"

"चुन्यानंच जाईन. पाणी आणा. आधी पाणी!"

मले आडवं केलं अन् गडव्यानं पाणी ओतत राहिले. बाया म्हणे, "कसा माणूस आहे! बाई रडून राहिली, अन् हा पाणीच ओतून राहिला." म्हणू दे. गुरुजी थांबले नाहीत. भंडाऱ्याले नेलं, तर डॉक्टर म्हणाले, पाण्यानं डोळा वाचला.

मग एक दिवस ह्यायले अंगणात बसवलं. मडक्यात वापरलेलं तेजाब, त्यात कालवलेला चुना थोडा थोडा. मडक्याले हात लावाले सांगितलं. गरम! म्हणाले, "तेजाब अन् चुना एकमेकायले मारते. मागं पाणी उरते अन् एक जातीचा क्षार. पण मारतांनी आग होते. चुना जास्त पडला तर तोही जाळते. मडक्यात हळूहळू घालता येते. तिच्या डोळ्यात काहून हे भांडण लावता?" मग हळदीची चिंधी बुडवली. पिवळीच राहिली. अजून चुना घातला. चिंधी लाल झाली तेव्हा म्हणाले, "बस. आता तेजाब संपलं, चुना उरला."

तेव्हापासून आमच्या कारखान्यातलं तेजाब तसंच नालीत जात नाही. आधी चुना, मग चिंधी. गडी कुरकुर करते, पण करते.

मंडळीहो, माणूस घाबरला की हाताशी येईन ते फासते. गुरुजी घाबरले नाहीत. माह्यासाठी शिव्या खाल्ल्या त्यायनं.

परवा सकाळी मी त्यायच्या उशाशी बसली. तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दोन्ही डोळ्यायनं पाहिलं.

चला, उभे राहू. थोडा वेळ कोणी बोलू नका.