एकशे बाराचा फोरकास्ट

...आता मले सांगा, साधं 'अंदाज' म्हणायले काय जीभ झिजत होती? नाही, आमच्या वंदना मॅडमले 'फोरकास्ट'च पाहिजे! तुमाले सांगतो, हिंगण्याच्या एका कंपनीत मी कॅन्टीनचं पाहतो, शाळा नववीतच सुटली, चारचौघांत तोंड उघडलं की कान लाल होतात, अन् ही बाई नवीन आल्या आल्या म्हणते कशी, "ऋषी, रोज सकाळी आठ वाजता जेवणाऱ्यांचा फोरकास्ट टेबलवर हवा!" मी मान हलवली. मान हलवाले काय लागते? मंग गेलो स्टोअरच्या आनंदरावांकडं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, "फोरकास्ट म्हणजे भविष्य, गा!" ...घ्या! मले माझ्याच लग्नाचं समजून नाही राहिलं, अन् मी अख्ख्या कंपनीचं भविष्य सांगू?

शेवटी मॅडमलेच विचारलं, फरशीकडं पाहून. "अरे, अंदाजच. पण आधार असलेला. मनाला वाटलं म्हणून ठोकून दिलं, तर तो फोरकास्ट नाही."

बस! आधार पाहिजे! दुसऱ्या दिवसापासून मी गेटवर उभा. मोटरसायकलच्या हँडलले डबा लटकलेला दिसला, एक ताट कमी. बसमधून कोणी पिशवी सांभाळत उतरलं, अजून एक कमी. सोमवारी लिहून दिलं एकशे पंधरा, जेवले एकशे पंधरा! मंगळवारी एकशे नऊ, जेवले एकशे नऊ! मॅडम खूश!

पण माणसाले एकदा आधार शोधाची सवय लागली ना... पॅकिंगमधली भैरवी, सक्करदऱ्याहून स्कूटीनं येते. दिवाळीपर्यंत तिच्या हँडलले डबा असायचा. दिवाळीनंतर? बंद! वरून रोज माझ्याच समोर ताट धरून, "ऋषी, तर्री टाक ना अजून!" आता हा आधार नाही तर काय आहे? पोळ्या लाटणाऱ्या यमुताई कोपर मारून विचारत, "काय गा, काही फोरकास्ट?" मी म्हणो, "आधार पाहिजे, ताई." "अजून किती पाहिजे? खांब रोवून देऊ का?"

अन् गुरुवारी यमुताईनंच बातमी आणली, रविवारी भैरवीले पाहाले काटोलचे पाहुणे येऊन राहिले. ती स्कूटी लावून राहिली होती, मी तसाच गेलो तिच्यापाशी. "भैरवी, तू डबा आणणं काहून बंद केलं?"

"सकाळी उठाचा कंटाळा."

झालं! कोसळला आधार! मी वळलो, तर मागून आवाज, "एवढंच विचाराले आला होता का बे?" आता अशा वेळी माणसानं काय म्हणावं? मी म्हणलं, "एकशे बारा." ...हाव! एकशे बारा! त्या दिवशीचा आकडा! ती हसत हसत आत गेली.

शुक्रवारी गेटवर पाहतो, तर तिच्या हँडलले डबा. संपलं. कागदावर तिचं ताट कमी केलं, एकशे अकरा लिहिलं, पेन नीट चालून नव्हता राहिला. जेवणाच्या सुट्टीत ती आली, डबा माझ्यापुढं ठेवला अन् स्वतः कॅन्टीनचं ताट उचललं.

"हा तुझा. पाच वाजता उठली मी. पाहुण्यांले नाही म्हणून सांगितलं घरी. आता तू काही बोलतं, का तेही मीच बोलू?"

मी म्हणलं, "हाव." कशाले हाव म्हणलं कोणास ठाऊक, पण तिले समजलं.

तिकडून मॅडम ओरडून राहिल्या, "ऋषी! एकशे अकरा लिहिले होतेस, एकशे बारा कसे जेवले? आधार कुठाय?" आता कोणता आधार दाखवू मॅडमले?

मी डबा उघडला. भरली वांगी. तुमाले सांगतो, पहिला घास घेतला अन् डोळे भरून आले... प्रेमानं नाही हो, मिठानं! ती समोरच उभी, "कशी झाली?" पुढच्या चाळीस वर्षांचा फोरकास्ट अगदी आधारासकट माझ्या जिभेवर होता...

मी म्हणलं, "अजून एक वांगं आहे का?"