थंडावा

—नाही टांटी, मामफळाची पानं नकोत, झोप लागते मला, झोपेचं काही नाही — ताप पण नाही, बघा हात लावून — आणि हळू बोला जरा, तो शेजारचा जायफळवाला कान देऊन ऐकतोय, ज्याला सगळे कॅप्टन म्हणतात आणि जो धक्क्याला बांधलेल्या होडीत बसला तरी ओकतो — मला ते हवंय, ते, धरून ठेवायचं. काय धरून? टांटी, इतकी वर्षं या बाजारात पानं विकताय, नव्या लग्नाची बाई पोटावर हात ठेवून धरून ठेवायचं काही मागते तेव्हा… हो. तेच. पहाटेपासून दुखतंय. कमरेतून निघतं, पुढं येतं, जातं, परत येतं. आणि थोडंसं — हो, लाल. थोडंच. थोडंच आहे म्हणजे अजून वेळ आहे, असंच ना? — ऐकलंत? म्हणतोय आलं उकळून दे. त्याला दात दुखला तरी आलं, बायको सोडून गेली तेव्हाही म्हणे आधी आलंच उकळलं त्यानं. कॅप्टन, तुमची जायफळं उन्हात सारा जरा, बाया बोलतायत!

कधीपासून पितेय म्हणजे? मी कुठं म्हणाले पितेय — बरं, हो, पितेय. तोंडाला वास येतो का? मा इर्मांनी दिलं. सासूबाई माझ्या. तुम्ही ओळखता, त्यांना कोण नाही ओळखत, चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या आधी त्यांचं आमेन होतं. मी पलीकडच्या लहान बेटावरची, म्हणून लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून एकदा नावानं हाक नाही. ‘ए छोटं बेट, चूल विझली.’ ‘छोटं बेट, तुमच्याकडं मासा असाच जाळतात का?’ मी काही बोलत नाही, मी बोलतच नाही फारसं, आज काय झालंय कोण जाणे — तर एका सकाळी त्यांनी भरलेला मग माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, ‘घे. थंडावा आहे. बाईला लागतो.’ टांटी, मी रडले. तिथंच, मगात. आमच्या बेटावर कसं, बाईला दिवस गेले की ती तोंडानं सांगत नाही, पोट दिसेपर्यंत नाही, दृष्ट लागते — घरातल्या मोठ्या बाईनं आपणच ओळखायचं, आणि ओळखलं की तिनंही बोलायचं नाही, नुसता थंडावा करून पुढं ठेवायचा. बार्लीचं पाणी, दालचिनीचं पान, झालं. सगळं बोलणं त्यातच आलं. मला वाटलं, ओळखलं यांनी. कार्लाइलला पण माहीत नाही अजून, नवऱ्याला, तो मालाच्या बोटीवर गेलाय, आला की त्याचा चेहरा बघायचा म्हणून मी राखून ठेवलं होतं — आणि यांनी ओळखलं! कडू होता. जीभ आत ओढली जाईल इतका कडू. म्हटलं, या बेटावर सगळंच जरा कडक करत असतील. तळापर्यंत प्यायले. दुसऱ्या दिवशी मागून घेतला, अहो, मागून! आणि त्या हसल्या. पाठीवर हात ठेवला माझ्या — ‘पी, बाळा. पोट साफ झालं की लवकर धरेल.’ लवकर धरेल. मी ऐकलं ना ते. पण मला हवं तसं ऐकलं, घट्ट धरून राहील असं. आज पहाटे कळ आली तेव्हा तेच वाक्य परत ऐकू आलं, आणि या वेळी नीट ऐकू आलं.

काय होतं त्यात? पातेलं बघितलं मी, त्या कोंबड्यांना दाणे घालायला गेल्या तेव्हा. रानकारल्याचा वेल, तो कळला. सोनामुखी. आणि एक लांबट पानांची जुडी, केळीच्या सोपटानं बांधलेली, अशीच — हीच गाठ. तुमचीच. तुमच्याकडूनच नेतात ना त्या? काय म्हणाल्या होत्या? सुनेसाठी थंडावा, एवढंच? आणि तुमच्या बेटावर नव्या सुनेला थंडावा म्हणजे — बोला ना. म्हणजे आतलं सगळं धुऊन काढायचं. पुढचं धरावं म्हणून. हो. त्यांनी वाईट नाही केलं, मला माहीत आहे, नातवाची घाई माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. अशा का बसलात? तुम्हाला कोण काय म्हणतंय? मी नाही म्हणत काही. तुम्ही फक्त याच्या उलटं द्या. धुणारं पान आहे तर धरणारंही असणारच, एवढ्या टोपल्या भरल्यात — मान नका हलवू. मान नका हलवू, टांटी! दवाखान्यात? जाईन, चढ चढत जाईन, गाडी भरेपर्यंत तो ड्रायव्हर काही हलत नाही — पण आधी काहीतरी द्या, एक घोट, काहीही. ती पानफुटी द्या. मातीशिवाय फुटते ना ती, नुसती भिंतीवर ठेवली तरी कडेकडेनं फुटत जाते, जगतेच ना? आणा इकडं, कच्ची चावते—

टांटी.

नाही, हाक नका मारू कुणाला. कॅप्टनना तिकडं तोंड करायला सांगा. स्टूल नको, खाली बरं आहे. एखादं पोतं असेल तर टाका, तुमची जागा खराब होतेय. — नाही. आता दुखत नाही.

पानं परत ठेवा. त्या बाई कधीच्या उभ्या आहेत, त्यांना काय हवंय ते बघा.