धुरपताबाईचं पिवळं मीटर

आता तुमीच सांगा किशनराव, इतबार ठेवायचा तो कुणावर — वस्तूवर, का वस्तू विकणारावर? बसा, बसा, स्टूल पुसून देतो — सबस्टेशनच्या आपरेटरनं उभ्या-उभ्या दस्तखत मागायचं बरं दिसत न्हाई. च्या सांगितलाय. धुरपताबाईनं विजेचा दाब कमी म्हणून अर्ज दिला, त्यावरचा तुमच्या साहेबाचा कागद वाचला मी, दोनदा वाचला. ‘अर्जदार धुरपताबाई यांनी वापरलेले डिजिटल मीटर हलक्या प्रतीचे असून त्याचे आकडे ग्राह्य धरता येत नाहीत.’ आन् खाली मोकळी जागा, तिथं बन्सीधरनं, म्हंजी मी, सही करायची — कामून, तर मीटर बन्सीधरच्या दुकानातलं. बरोबरच लिवलंय की. माल हलकाच हाय! न्हाई कोण म्हणतंय?

हे बघा, तसलंच पिवळं, दाब मोजायचं मीटर, हातात घ्या. खेळण्यावाणी वजन. मी काय इंजिनेर न्हाई, पिंगळीच्या टेसनावर बॅटऱ्या विकता विकता, बिघडलेल्या उघडून बघता बघता शिकलो. आपली पारख साधी — वस्तू आधी कानाला लावायची. हा मधला खटका फिरवा. कट् कट् वाजला तर बरा, खरखर वाजला की आतली पत्री झिजली समजा. ही लाल-काळी वायर सुईच्या मुळाशी वाकवा — सहा महिन्यांत तुटणार ती हितंच. आन् वैशाखात काउंटरवर उन्हात राहिलं की काच काळी पडते, आकडाच दिसत न्हाई. पालमचा एक रेडिओवाला परत घेऊन आला, म्हणला, शेठ, हे मीटर हाय का सरडा, उन्हात रंग बदलायलंय! हा डझन तर नामांतराच्या बंदात आठ दिवस ट्रान्सपोर्टात पडून होता, त्यातली तीन खोटी निघाली. ती फेकली — न्हाई, फेकली कशाला म्हणू, विकलीच. नुसती वायर तुटली का न्हाई एवढंच बघायचंय, अशा गिऱ्हाइकाला.

मग करायची की दस्तखत, अडलंय कुठं? अडलंय हितं, की धुरपताबाईचं मीटर त्या तिनांतलं न्हाई. बाई आली तवा एकाच हंगामात तिची विहिरीवरची मोटार तीनदा जळालेली, आन् तुमचं ऑफिस म्हणायलं मोटारच खराब. मला म्हणली, “भाऊ, मला आकडं वाचता येत न्हाईत, तवा खोटं बोलणारं देऊ नको.” असं म्हणल्यावर काय करता? माझं जुनं काट्याचं मीटर काढलं, दोन्ही एकाच बोर्डाला लावली — एक बदललं, दोन बदलली, तीन बदलली, चौथं तंतोतंत जुळलं, ते दिलं. म्हणलं, बाई, वाचता येत न्हाई तर मीटर घेऊन करणार काय? तर म्हणली, “काट्याचं चित्र काढता येत न्हाई, ह्याचं येतंय.” घ्या! तीन महिने रोज दिवेलागणीला बोर्डात सुया घालायची आन् काचेवर दिसंल त्याचं वहीत चित्र काढायची. मी बघितलीय वही. आकडे न्हाईत ते, काड्या हायत काड्या — उभ्या-आडव्या, मीटरात दिसतात तशा. एकशे अठ्ठावन्न, एकशे बासष्ट — दोनशे तीस व्होल्ट पायजे तिथं! एक दिवस नुसती आडवी रेघ आली, तर तीबी काढलीय. जास्त कोणतं आन् कमी कोणतं हेच जिला ठावं न्हाई, ती खोटं लिवंल कसं?

काय म्हणलाव? सेल उतरला असंल? उतरलाच होता. शेवटच्या महिन्यात कोपऱ्यात सेलची खूण आली, तीबी तिनं काढलीय. पण किशनराव, सेल उतरला की हे मीटर कमी दाखवत न्हाई, जास्त दाखवतंय! म्हंजी एकशे साठ दिसलं तवा तारेत दीडशेबी नसंल — आता हे कशाला बोलून बसलो मी? व्यापाऱ्याची जीभ, माल दाखवायला लागली की थांबत न्हाई. साहेबाला सांगू नका हे.

वर काय बघायलाव? हां. बघा, बघा. तुमचंच मीटर हाय ते, दुकानाच्या भिंतीवरचं. चकती फिरत न्हाई, बिल चढत न्हाई, दोन वर्षं झाली. मी काय केलं न्हाई — म्हंजी, सील आधीच ढिलं होतं. तवा तुमी पाठ फिरवली आन् मी हसलो, वाटलं फुकटात पडलं. फुकट काय ऱ्हातंय का? निदान दुकानदाराला तरी कळायला पायजे होतं. आता सही न्हाई केली तर सोमवारी वीजचोरीचं पथक दारात. केली तर अर्ज बंद, तेरा विहिरींवर नवी डीपी, म्हंजी ट्रान्सफॉर्मर, यायची न्हाई, बाईची मोटार चौथ्यांदा जळणार. आन् कमाल अशी की कागदात एक अक्षर खोटं न्हाई! समद्या मालाचं खरं सांगून एका मीटरचं खोटं करायचं — तुमच्या साहेबानं दुकान घालायला पायजे होतं, आमी उपाशी मेलो असतो.

आणा ते पेन.

झाली. शिक्का पायजे? घ्या, शिक्का. घडी घालू नका लगेच, शाई ओली हाय. च्या तसाच राहिला तुमचा — ऱ्हाऊ द्या. एक मागणं हाय, किशनराव, तुमच्या हातातलं. सबस्टेशनच्या वहीत तासातासाला तुमी लाइनीचा दाब अकरा हजारच लिवता, मीटरचा काटा कुठंबी असो — मला समदं ठावं हाय. आज दिवेलागणीला काटा जिथं असंल तिथलं लिवा. उद्याबी. मी तर आता कुणाला सांगायच्या लायकीचा राहिलो न्हाई, पण वही तुमच्याकडं हाय, तेवढा हिशेब तरी खरा ठिवा. हसू नका. जावा आता.