चंद्रावर राहिलेला गंगाधर

नाटक पाहून लोक टाळ्या वाजवतात म्हणे. मला काय मिळालं ते ऐका. पुसेगावच्या गणपतीत आमी पोरांनी चंद्रावर जायचं नाटक बसवलं होतं. रोज एक भाग. धान्याच्या कणगीला चुना फासून यान केलं. पहिल्या भागात मी गंगाधरला चंद्रावर सोडून एकटाच यान घेऊन पळतो. पडदा पडला, लोक गुपचूप घरी गेले. आमाला वाटलं, नाटक पडलं.

दुसऱ्या दिवशी दाढी करायला मारोतीमामाच्या दुकानात गेलो. मामानं एक गाल केला आणि वस्तरा पुसून ठेवून दिला.

"मामा, थांबले काहून?"

"आधी त्या लेकराला खाली आण."

"अवं, नाटक हाय ते. आज तो वरच मरतो."

"मंग तू बी असाच हिंड."

तेवढ्यात समोरच्या हाटेलातून गंगाधरच चहा पीत आला. माझं तोंड बघून त्याला हसू आवरेना. तरी बिचारा म्हणाला, "मामा, करा की त्याची दाढी. माझी काही तक्रार न्हाई."

मामानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"तू मधी बोलू नको. तू चंद्रावर हाईस."