फोटो सगळ्यांजवळ होता

आजच्या सभेचे अध्यक्ष डॉ. दत्तात्रयजी घागरे, मंचावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती सुशीलाताई गजभिये आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

मी हिमानी, याच आरोग्य केंद्रातली नर्स. ताईंबद्दल एकच प्रसंग सांगते. तो प्रतीकभाऊंचाही आहे, म्हणून त्यांची परवानगी घेतली आहे. बघा, ते मान हलवताहेत.

गेल्या वर्षी मोबाईलवर एक मेसेज आला. तान्ह्या बाळाचा फोटो, वर लाल अक्षरांत ‘लस दिली आणि बाळ गेलं’. आमच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्रतीकभाऊंनी तो ‘सावधान’ म्हणून चार ग्रुपांत पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी लसीकरणाला आया आल्याच नाहीत. ज्यांचा हात मशीनवर इतका सफाईने चालतो, त्यांनाही थांबावंसं का वाटलं नसेल?

ताईंनी चौकशी केली. बाळ खरंच गेलं होतं, लोधीखेड्याच्या इंदूचं. पण न्यूमोनियाने. ताप होता म्हणून त्याला लस दिलीच नव्हती. प्रतीकभाऊ लगेच माफी टाईप करायला बसले. ताई म्हणाल्या, “थांब. पयले तिच्या घरी चाल.”

इंदूने दोघांना पाणी दिलं. प्रतीकभाऊंनी खाली मान घालून सांगितलं, “बाई, तो मेसेज म्या पुढं पाठवला.”

ती म्हणाली, “फोटो शेजारणीनं काढला होता. माह्याजवळ मोबाईल नाही, भाऊ. सगळ्याइजवळ माह्यं लेकरू फिरून राह्यलं, माह्याजवळच नाही.”



परतल्यावर प्रतीकभाऊंनी चारही ग्रुपांत स्वतःच्या नावानिशी लिहिलं, ‘मी खोटी माहिती पाठवली’, आणि सर्वांना फोटो पुसायला लावला. काहींनी त्यांनाच शिव्या घातल्या. आयांची भीतीही एका दिवसात गेली नाही. ताई घरोघरी फिरल्या, तेव्हा कुठे त्या हळूहळू येऊ लागल्या.

पण एक प्रत भाऊंनी ठेवली होती. तिच्यावरची लाल अक्षरं त्यांनी काढली, सौसरच्या स्टुडिओत फ्रेम करून घेतली. ताई ती घेऊन गेल्या. इंदूने पदराने काच पुसली आणि म्हणाली, “हसून राह्यला, पाहा ना.”

ताई, पुढच्या आयुष्यासाठी मनःपूर्वक शुभेच्छा. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर आपलीच पोर समजून पोटात घाला.