आधी बोरॉन पडलं

ऑपरेशनच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी पोलाद कारखान्यातला म्हातारा भट्टीवाला आणि तिथल्याच लॅबमधली बाई बसली होती.

“काका, क्रेनचा तुटलेला बोल्ट कापून पाहिला. वरचं कातडं कडक, गाभा मऊ.”

“रिपोर्टमध्ये गाभा कडक करणारं बोरॉन पुरेसं होतं ना?”

“जळून गेलेलं बोरॉनही मशीन मोजतं. पोलादाला त्याचा काडीचा उपयोग नाही.”

“टनाला वीस-तीस ग्रॅम लागतं ते. तेवढ्यानं बोल्ट तुटतो?”

“तुम्हीच शिकवलंत मला. आधी ॲल्युमिनियम, त्यानं पोलादातला प्राणवायू खाल्ला की मग बोरॉन. त्या दिवशी आधी काय टाकलंत?”

“तीस वर्षांत माझा क्रम चुकलेला नाही.”

“मी तीस वर्षांचं विचारत नाहीये.”

“लेकीचा फोन आला होता. जावयाला क्रेनवर कायम केलं म्हणून. त्या आनंदात हाताला लागली ती पिशवी टाकली.”

“मग साहेबांना आत्ता सांगा. त्याच पोलादाचे चाळीस बोल्ट अजून क्रेनवर आहेत.”

“आधी तो वाचू दे.”

दार उघडून नर्स बाहेर आली.

“क्रेनवाल्याचे सासरे कोण? शुद्धीवर आलाय तो. तुमची माफी मागतोय. म्हणतो, बोल्ट मीच नीट आवळला नसेल.”